यादीबाहेरची मुले

मुख्याध्यापकाच्या टेबलाला दोन खण असतात. डाव्या खणात रजेचे अर्ज, पालकांच्या तक्रारी आणि डोकेदुखीच्या गोळ्या. उजव्या खणात किल्ल्या. प्रयोगशाळेची, ग्रंथालयाच्या कपाटाची, खेळाच्या साहित्याची अशा साऱ्या किल्ल्या त्यात एका तारेत ओवून ठेवलेल्या असतात. माझ्या खणात आणखी एक किल्ली होती. ती तारेत नव्हती, वेगळ्या पाकिटात होती. संगणक खोलीची किल्ली. त्या पाकिटाची गोष्ट यंदा सांगायची असे बरेच दिवस मनात आहे. गोष्ट फारशी अभिमानाची नाही. पण दिवाळीच्या आधी घर झाडताना माळ्यावरचेही सामान खाली काढावे लागतेच.

मी सिल्वासाच्या डोकमर्डी भागात राहतो. आमच्या या मुलखाची घडण वाचकांच्या परिचयाची आहे. २००१ च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीची लोकसंख्या दोन लाख वीस हजार होती. २०११ साली ती तीन लाख त्रेचाळीस हजारांवर गेली. करसवलतींमुळे कारखाने आले आणि कारखान्यांमागे माणसे आली. निम्म्याहून अधिक वस्ती तरीही आदिवासींचीच राहिली, त्यांत वारली मोठ्या संख्येने. त्यामुळे सकाळी दूध आणायला निघावे तर पहिल्या वळणावर गुजराती, दुसऱ्यावर हिंदी, तिसऱ्यावर मराठी आणि बसथांब्यावर वारली कानी पडते. शाळाही तशाच, चार माध्यमांच्या. मराठी घरांतून एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, ‘सर, मराठी शाळेत घातलं तर मुलगा कॉम्प्युटरमध्ये मागे पडेल ना?’ या प्रश्नाचे उत्तर मी बरीच वर्षे चुकीचे देत होतो. तोंडाने ‘नाही’ म्हणत होतो आणि हाताने ‘होय’.

ते असे. मी मराठीचा एम.ए. माझा आणि यंत्रांचा संबंध सायकलपुरता. पण एम.एस.सी.आय.टी. नावाची परीक्षा महाराष्ट्रात नव्यानेच सुरू झाली होती, ती मी डहाणूला खेपा घालून उत्तीर्ण झालो. डिसेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारने शाळांतून माहिती तंत्रज्ञान शिकवण्याची योजना जाहीर केली आणि पुढच्या एकदोन वर्षांत शाळेशाळेतून संगणक दिसू लागले. आमच्याकडे दहा आले. शिक्षकांत प्रमाणपत्रधारी मी एकटाच, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, तसा प्रकार.

दहा संगणक आणि नववीच्या एका तुकडीत सेहेचाळीस मुले. डेडस्टॉक रजिस्टरवर सही माझी. एक माऊस हरवला तर पगारातून जाईल अशी सतत धास्ती. मी एक यादी केली. इंग्रजीत पन्नासहून अधिक गुण असलेली वीस मुले. त्यातही ज्यांच्या घरी कोणी नोकरदार आहे, ज्यांनी संगणक आधी पाहिला आहे, ती मुले वर. बाकीच्यांना त्या तासाला मैदान. यादी करताना मला आपण काही अन्याय करतो आहोत असे मुळीच वाटले नाही. उलट, साधन अपुरे असताना पात्र मुलांना आधी द्यावे, हा व्यवहार वाटला. वीस मुलांत मुली चारच होत्या. तेही मला दिसले नाही.

त्या वर्गात खानवेलच्या बाजूच्या एका पाड्यावरून येणारी वारली मुलगी होती. तासाच्या वेळी ती मैदानावर न जाता संगणक खोलीच्या खिडकीशी उभी राही. एकदा मी दटावले तेव्हा तिने विचारले, “सर, त्याच्यात आमची बोली लिहिता येते का?” मी म्हणालो, “आधी इंग्रजी सुधार, मग बघू.” ती गेली. पुन्हा खिडकीशी आली नाही. दहावीनंतर ती दोऱ्याच्या कंपनीत लागल्याचे कानावर आले. अशी कितीतरी मुले लागतात, म्हणून मी तेही विसरलो.

पुढे मी मुख्याध्यापक झालो. यादी मात्र चालूच राहिली. नवे शिक्षक आले, त्यांनीही तीच पद्धत उचलली. शाळेत एखादी रीत एकदा पडली की ती कोणी पाडली हे कोणी विचारत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी चार कॉलेजकुमार माझ्या दारात उभे राहिले. त्यांतली एक माझी जुनी विद्यार्थिनी, आमच्याच डोकमर्डीतली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली. दुसरी गुजराती मुलगी. तिसरा उत्तर प्रदेशातून आलेल्या एका फिटरचा मुलगा. चौथा दुधनीकडचा वारली. त्यांना दर रविवारी दोन तास आसपासच्या मुलांना संगणक शिकवायचा होता. कोणी सांगितले म्हणून नव्हे, आपले आपण. त्यांतले दोघे राष्ट्रीय सेवा योजनेत होते इतकेच.

हे नाव ऐकून मी मनात जरा हसलो. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत दोनशे चाळीस तास सेवा करायची असते. मीही कॉलेजात असताना ते तास भरले आहेत. जव्हार तालुक्यातल्या एका गावात आम्ही रस्ता खणला, रात्री शेकोटीभोवती गाणी म्हटली आणि शेवटच्या दिवशी फोटो काढून घेतला. त्या गावातल्या एकाही माणसाचे नाव आज मला आठवत नाही. तेव्हा हीही मुले फोटो काढतील आणि जातील, असा माझा होरा.

तरी मी म्हणालो, “चांगली कल्पना आहे. मुलांची यादी करून देतो.”

“यादी कशाला, सर?” माझी विद्यार्थिनी म्हणाली.

“निवड करायला नको का?”

ती थोडी घुटमळली. मग खाली बघत म्हणाली, “तुमच्या यादीत मी पण नव्हते, सर.”

चहा आत उकळत होता. तो घेऊन सौ. बाहेर आल्या म्हणून बरे झाले, नाहीतर मला काय बोलावे ते सुचत नव्हते.

वर्ग आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत भरला. जो येईल तो विद्यार्थी, एवढाच नियम. पहिल्या रविवारी अकरा मुले आली. मी खुर्ची टाकून बाजूला बसलो होतो. बघतो तर एकाही स्वयंसेवकाकडे संगणक नाही. दुधनीच्या मुलाने खिशातून फोडलेले चिंचोके काढले. आपण सारीपाटाला घेतो तसले, एक बाजू तांबूस काळी, दुसरी पांढरी. पाच चिंचोके त्याने ओळीत मांडले आणि खाली खडूने आकडे लिहिले : १६, ८, ४, २, १. पांढरी बाजू वर असेल तर खालचा आकडा धरायचा, काळी असेल तर सोडायचा. “बोल, तुझं वय काय?” “अकरा.” काळा, पांढरा, काळा, पांढरा, पांढरा. आठ, दोन आणि एक मिळून अकरा. पंधरा मिनिटांत मुले एकमेकांची वये, घरांचे क्रमांक, बहिणीची हजेरी चिंचोक्यांत लिहू लागली. पाच चिंचोक्यांत शून्यापासून एकतीसपर्यंतचे आकडे बसतात, दहांत एक हजार तेवीसपर्यंतचे. संगणकाच्या पोटात याहून निराळे काही नसते, तिथेही सारा कारभार दोनच अवस्थांचा, असे त्या मुलाने आधी वारलीत आणि मग हिंदीत सांगितले. एम.एस.सी.आय.टी. उत्तीर्ण झालेल्या मला ही गोष्ट त्या दिवशी प्रथम नीट समजली.

दुसऱ्या रविवारी जमिनीवर खडूने रेघांचे जाळे काढले. सहा मुले सहा आकडे हातात घेऊन एका टोकाला उभी राहिली. रेघेने चालत जायचे, चौकटीत दोघांची गाठ पडली की आकडे ताडून पाहायचे. लहान आकडा डाव्या रेघेने पुढे, मोठा उजव्या. कोणीही कुठूनही निघो, शेवटी सहाही जण चढत्या क्रमाने उभे. मुलांनी जागा बदलून बदलून पाहिले, जाळे चुकेना. यंत्र शेकडो नावांची क्रमवारी लावते तीही असल्याच लहान लहान तुलना करून. हे खेळ या मुलांनी शोधलेले नव्हते. न्यूझीलंडमध्ये टिम बेल, इयन विटेन आणि माइक फेलोज यांनी १९९० च्या दशकात संगणकावाचून संगणकशास्त्र शिकवण्याची ही रीत मांडली. आपल्याकडे ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम २०१६ पासून शाळांतून असेच काम करतो. ‘बेब्रास’ नावाची एक विचारकोड्यांची स्पर्धा आहे. लिथुआनियन भाषेत बेब्रास म्हणजे बीव्हर, ओंडक्यांचे बांध घालणारा उद्योगी प्राणी. २००४ साली त्या देशात ती सुरू झाली आणि आता आपल्याकडेही मराठीसकट काही भारतीय भाषांत तिची कोडी मिळतात. चौघांनी ती कागदावर उतरवून आणली होती. ती सोडवायला ना संगणक लागतो, ना इंग्रजी. डोके तेवढे लागते.

माझी यादी मी कशावरून केली होती? इंग्रजीवरून आणि घरच्या परिस्थितीवरून. आणि या खेळांत या दोन्हींची गरजच पडत नव्हती. म्हणजे मी मोजत होतो ते एक आणि शिकवायचे होते ते दुसरेच. तांदूळ मोजायला फूटपट्टी घेतल्यासारखे झाले.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, एवढे समाधान पुढे मिळाले. माझ्या विद्यार्थिनीने एकदा सांगितलेली हकिकत मी नंतर स्वतः वाचून पाहिली. अमेरिकेत कार्नेगी मेलन नावाचे नामांकित विद्यापीठ आहे. तिथे १९९५ साली संगणकशास्त्राच्या पदवीला नव्याने येणाऱ्यांत मुली शंभरात सात होत्या. जेन मार्गोलिस आणि अॅलन फिशर या दोघांनी मुलामुलींशी बोलून कारणे शोधली. बऱ्याच घरांत संगणक मुलाच्या खोलीत असे आणि बहीण लांबून बघे, तेव्हा कॉलेजात येताना मुलगा पुढे आणि मुलगी मागे. हा आधीचा सराव म्हणजेच बुद्धी, असा सर्वांचा समज. प्रवेश देताना त्या आधीच्या सरावाचे महत्त्व कमी केले, नवख्यांसाठी वेगळी सुरुवात ठेवली आणि २००० साली मुलींचे प्रमाण शंभरात बेचाळीस झाले. पाच वर्षांत मुलींची अक्कल सहापट वाढली असे तर कोणी म्हणणार नाही. निवडीची चाळणी बदलली.

आठ रविवार असे गेले. मग चौघे खरे मागणे घेऊन आले, “सर, आता संगणक लागतील.” म्हणजे ते पाकीट. मी रजिस्टरचे कारण सांगितले, रविवारी शिपाईमामा नसतात तेही सांगितले. त्यांनी हट्ट धरला नाही. “बघा सर, जमलं तर,” एवढेच म्हणाले. रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी लेखी परवानगीसाठी अर्ज टाकला, ती मिळाली. रविवारी स्वतःच कुलूप काढले. दहापैकी सात यंत्रे चालू झाली. उरलेली तीन धुळीने आणि न वापरल्याने गेली होती. मुलांच्या हातून बिघडतील म्हणून जपली, ती कोणी हात न लावताच बिघडली!

त्या खोलीत मी पुष्कळ शिकलो. शिकवणारा फळ्याशी नसे, मुलाच्या शेजारी स्टुलावर असे. स्वतःचे हात तो पाठीशी बांधून घेई. मूल चुकले तरी माऊस आपण धरायचा नाही, हा त्यांच्यातला करार. एका यंत्रावर दोघे, दर दहा मिनिटांनी जागा बदल. मुलगा-मुलगी जोडी लावली की माऊस मुलाच्या हातून सुटत नाही हे दुसऱ्याच दिवशी ध्यानात आले, म्हणून सुरुवातीला मुलींच्या जोड्या मुलींशी. मी तीस वर्षांत असल्या साध्या गोष्टी पाहिल्या नव्हत्या.

भाषेचे कोडे त्या गुजराती मुलीने सोडवले. इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक भारत सरकारने १९८६ साली प्रमाण ठरवला. त्यात डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. त्याची खुबी अशी की तो आपल्या सर्व लिप्यांना सारखाच आहे. मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, गुजरातीचा ‘क’ त्याच कळीवर. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडमध्येही या दोन्ही लिप्यांची अक्षरे एकाच क्रमाने मांडली आहेत. तिने एका मराठी मुलाला आणि एका गुजराती मुलीला शेजारी बसवून आपापले गाव लिहायला लावले. बोटे एकाच कळांवरून फिरत होती आणि पडद्यावर दोन लिप्या उमटत होत्या. ‘मराठीमुळे मागे पडेल ना’ म्हणणाऱ्या पालकांना मी आता हेच दाखवतो. शिवाय मुंबईच्या आय.आय.टी.ने तयार केलेले ‘स्पोकन ट्युटोरियल’चे धडे मराठी आवाजात मिळतात. घरी कोणी सांगणारे नसले तरी ते ऐकत ऐकत हात चालवता येतो. इंग्रजी शिकायचे नाही असे माझे म्हणणे नाही. ते शिकावेच. मात्र ते दारातला उंबरठा असावे, दाराचे कुलूप असू नये.

सगळे गोडच झाले असे नव्हे. एखाद्या रविवारी तीनच मुले येत. दोन हुशार मुले मधेच कंपनीत लागली. घरचे भाडे थकले होते, त्यांना कोणत्या तोंडाने थांबवणार? परीक्षा आल्या की शिकवणारेच गायब. पुढे ते पदवीधर झाले, वापीला, सुरतेला नोकरीला गेले. त्यांची जागा धाकट्या वर्गातल्या मुलांनी घेतली, काही टिकली, काही नाही. माझ्या वेळच्या शिबिराहून एक फरक मात्र ठळक होता. या चौघांना प्रत्येक मुलाचे नाव ठाऊक होते. कोणाचा बाप रात्रपाळीला असतो आणि कोणाला रविवारी पाणी भरावे लागते, तेही.

२०२३ च्या दिवाळीआधीचा रविवार. एक बाई आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन दाराशी उभ्या होत्या. अंगावर कंपनीचा कोट, पाळी सुटून थेट आलेल्या. “सर, ओळखलंत?” मी ओळखले नव्हते. तेव्हा त्यांची नजर खिडकीकडे गेली, माझीही गेली, आणि सगळे आठवले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी म्हणालो, “तेव्हा माझं चुकलं, पोरी.” ती म्हणाली, “तुमचं एकट्याचं कुठं, सर. मशीन तरी कुठं होती तेवढी.” तिने मला इतक्या सहज सोडले याचे मला जास्त लागले. दहा यंत्रांपुढे सेहेचाळीस मुले पाळीपाळीने बसू शकली असती, हा हिशेब तिला नसेल, मला आज आहे.

मुलीला सोडून ती निघाली होती. दुधनीच्या मुलाने वारलीत हाक मारून तिला थांबवले आणि स्टूल पुढे केला. यादी नव्हतीच, त्यामुळे वयाची अटही नव्हती. ती बसली. एकेक कळ शोधत तिने तिच्या बोलीतले एक वाक्य देवनागरीत लिहिले. घरी आईला आपण जसे हाक मारतो तसले, साधे. सतरा वर्षांपूर्वी तिने मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ होते. तेव्हाही.

आता आमच्या शाळेत संगणकाचा तास हजेरीपटाच्या क्रमाने असतो, सगळ्यांना. किल्ली उजव्या खणात नसते, शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. वर्षाला एखादा माऊस जातो. रजिस्टरमध्ये तशी नोंद करतो.

त्या रविवारी तिच्या लेकीने कोपऱ्यात चिंचोके मांडले होते. “आई, तुझं वय सांग,” ती म्हणाली. आई म्हणाली, “एकतीस.” मुलीने एकेक करून पाचही चिंचोके पांढरे केले आणि थोडी विचारात पडली. मग म्हणाली, “पुढल्या वर्षी आणखी एक चिंचोका लागेल.” आणि तो शोधायला ती पिशवीत हात घालून बसली.